मावशी, मीटिंगला 11 माणसं आली

शिरपूर तालुक्यातून एका ताईचं पत्र आलंय, नाव गाव देत नाहीये. थोडक्यात सांगते. डी.एड. झालंय, सहा वर्षं पुण्यात इंग्लिश मीडियमच्या शाळेत नोकरी केली, आता नवऱ्यासोबत सासरी गावात परत आलीय. गावापासून अडीच किलोमीटरवर नाल्यापलीकडे शेतमजुरांची वस्ती आहे, पावसाळ्यात नाला भरला की तिथली बारकी पोरं झेडपीच्या शाळेत येऊच शकत नाहीत, म्हणून वस्तीला लागून पहिली ते पाचवीची शाळा काढायचीय. सासरे 30 गुंठे देतायत, ट्रस्ट झाला, नकाशा झाला, नाव ठरलं, युनिफॉर्मचं कापडसुद्धा पसंत करून झालं. मग एका रविवारी सकाळी 11 ला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून मीटिंग घेतली तर 11 माणसं आली, त्यात वस्तीवरचे दोन आणि बाई एकही नाही. सरपंच म्हणे माझ्या पोराला कमिटीत घ्या, आणि झेडपीच्या गुरुजींनी तर बोलणंच टाकलंय. नवरा म्हणतो जूनला सुरू करून टाकू, परवानगीचं नंतर बघू. शेवटी ताई विचारते, "ज्यांच्यासाठी करतेय त्यांनाच पडलेली नाहीये, सोडून देऊ का?"

पोरी, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा खरं सांगू, जरा रागच आला. नाव तू ठरवलंस, कापड तू ठरवलंस, महिन्याला 500 फी तू ठरवलीस आणि मग लोकांना बोलावलंस, आता त्यांनी येऊन करायचं काय होतं, टाळ्या वाजवायच्या? आणि रविवारी सकाळी 11 ला वस्तीवरची बाई कुठे असते हे शेतकऱ्याच्या घरात राहून तुला माहीत नसेल तर कमाल आहे, मजुराला कसला आलाय रविवार. सोडून देऊ नकोस, पण हा जून विसर. पुढच्या वर्षीचा जून धर.

माझं ऐक. 2000 नंतर सरकारने वस्तीशाळा काढल्या तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर तसली शाळा बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. कुडाची झोपडी, शेणाने सारवलेली, फळा मी स्वतः सायकलला बांधून नेलेला. पहिल्या दिवशी 23 पोरं आली, मी खूश. चौथ्या दिवशी 4. मी पाडाभर फिरून आयांना लेक्चर देत होते शिक्षणाचं महत्त्व वगैरे, आणि त्या मान डोलवत होत्या. एक म्हातारी मात्र दारात तंबाखू मळत बसलेली, ती म्हणाली, बाई, 10 वाजता बकऱ्या सुटतात, तुझी शाळा पण तेव्हाच भरते का? म्हणजे बकऱ्या चारायला जायचं आणि शाळेत बसायचं हे एकाच वेळेला, पोरं काय करणार. सकाळी 7 ला भरवायला लागले तर आठवड्यात 19 झाली. आणि तरी दोन मुली दारातच उभ्या राहायच्या, कडेवर धाकटं भावंड घेऊन, आत यायच्या नाहीत. मग भावंडासकट आत घेतल्या, ते बारकं खडू खायचं, मी दुर्लक्ष करायचे. ते 7 वाजताचं टायमिंग कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं गं, ते त्या म्हातारीने सांगितलं आणि ते पण मी विचारलं नव्हतं तरी.

तेव्हा आधी प्रोजेक्टर परत करून ये. वस्तीवर बचत गट असेलच, त्याची मीटिंग महिन्याला होतेच, तिथे जाऊन नुसती बस. पुरुषांना रात्री 8 नंतर गाठ, पारावर नाहीतर किराणा दुकानाच्या ओट्यावर. फाईल नेऊ नकोस, सह्या तर अजिबात मागू नकोस, सही म्हटली की माणूस दोन पावलं मागे सरकतो, कर्जमाफीपासून सगळ्या कागदांवर अंगठे देऊन बसलेत ते. आणि तुझ्या घरी अहिराणी बोलतात ना, मग तिथे पुणेरी मराठी कशाला? ज्या दिवशी एखादी बाई दुसरीला "हाई शाळा आमनी शे" म्हणेल त्या दिवशी पायाचा दगड बसव, तोपर्यंत सिमेंट आणू नकोस.

विचारायचं काय, तर जे तुला खरंच माहीत नाही ते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला किती घरं जातात, पोरं सोबत नेतात की आजीजवळ ठेवतात? म्हणजे दिवाळीनंतर तुझ्या वर्गात कोण उरणार ते कळेल. अंगणवाडी वस्तीत आहे का नाल्याअलीकडे? फीचं तर नीटच विचार कर. जुलैत हातात पैसा नसतो, निंदणीची मजुरी आली तशी किराण्यात जाते, पैसा दिसतो तो कापूस वेचणीत. महिन्याला 500 म्हणजे दोन पोरांचे 1000, आणि वर्षाचे 12 महिने. हे देणारी घरं तिथे किती आहेत हे मोज, नसतील तर शाळेचा खर्च दुसरीकडून कसा येईल ते आधी ठरव, नाहीतर पाटी वस्तीची आणि पोरं गावातल्या बागायतदारांची असं होईल. फीसाठी पालक-शिक्षक संघ तुला 2011 च्या फी कायद्याने करावाच लागेल. शाळा व्यवस्थापन समिती विनाअनुदानित शाळेला सक्तीची नाही, तरी तू आपणहून कर, सरकारी शाळांचाच नियम घे, 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका. सरपंचाच्या पोराचं उत्तर पण त्यातच आहे, पोरगं शाळेत घाला मग कमिटीत या म्हणावं.

आता गुरुजी. तुला वाटतंय ते जळतात. अगं, तुझ्याच पत्रात लिहिलंयस की झेडपीच्या शाळेचा पट 68 आहे. आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात, 60 पर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. तुझ्याकडे 10 पोरं आली की पट 58, म्हणजे एक गुरुजी अतिरिक्त होणार, आणि अतिरिक्त झाला की कुठल्या टोकाला पाठवतील काय सांगता येतं. त्या माणसाच्या पोटावर येतंय आणि तू त्यांना न सांगता प्रोजेक्टर लावलास. घरी जा त्यांच्या, चहा घे, आणि सरळ सांग की वस्तीवरची जी पोरं आज रोज शाळेत येतच नाहीत तीच घेणार, गावातलं एकही पोर फोडणार नाही. आणि मग तसंच वाग. त्यांना हेही विचार की पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं कायदाच सांगतो, तर वस्तीवर झेडपीचीच शाळा मिळावी म्हणून ग्रामसभेचा ठराव कधी केला होता का. केला नसेल तर आधी तो करा, दोघं मिळून. मिळाली तर तुझे 30 गुंठे आणि पाच वर्षांची डोकेदुखी दोन्ही वाचेल. तुला हे आवडणार नाही माहितीये मला.

नवऱ्याला सांग, परवानगी नंतर बघू हे टपरीला चालतं. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर 1 लाखापर्यंत दंड आणि वर रोजचे 10 हजार, आरटीईचं कलम 18, वाचून दाखव त्यांना. आणि त्याहून वाईट म्हणजे पोरांच्या दाखल्याला किंमत राहत नाही, सहावीला दुसऱ्या शाळेत गेली की ती आई तुझ्याच दारात येऊन रडणार. तुझी शाळा 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित कायद्याखाली बसेल, अर्ज, तपासणी, जमिनीचे कागद, सगळ्याला वेळ लागतो. म्हणून पण पुढचा जून म्हणतेय.

पत्रात सगळ्यात खाली, ताजा कलम करून, एक ओळ लिहिलीयस, त्याचंच मला जास्त टेन्शन आलंय. जमीन वडिलोपार्जित आहे, ननंदेची सही हवीय, आणि सासरे म्हणतात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येईल तेव्हा साडी-चोळी करू, सांजोऱ्या खाऊ घालू आणि हक्कसोडवर सही घेऊन टाकू. माय वं! झोक्यावर बसायला आलेल्या लेकीच्या हातात स्टॅम्प पेपर? 2005 पासून तिचा वाटा भावाइतकाच आहे, उद्या तिच्या सासरच्यांनी वकील केला की स्टे येईल आणि तोवर तुझ्या भिंती लिंटेलपर्यंत आलेल्या असतील. आणि मुलींना शिकवायला निघालेली शाळा घरातल्या लेकीला गप्प करून उभी करायची, तुझं तुलाच बरं वाटेल का गं. तिला आजच फोन कर, सासऱ्यांच्या आधी तू कर. जमीन कशासाठी जातेय ते सांग, तिचा वाटा किती होतो ते आकड्यात सांग, ती नाही म्हणाली तर तिचे गुंठे सोडून उरलेल्यात नकाशा बसतो का ते इंजिनिअरला विचार. आणि ती हो म्हणाली तर ट्रस्टवर तिचं नाव घे.