घराचा हप्ता तीन महिने थांबवता येतो का?

प्रश्न : सर, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. होम लोनचे अजून २० लाख बाकी आहेत, १५ वर्षं राहिलीत, व्याज ९ टक्के, हप्ता २०,२८५ रुपये. मिस्टर अंबड एमआयडीसीत होते, कंपनीने गेल्या महिन्यात बरीच माणसं कमी केली त्यात तेही आले. मी शिवणकाम करते, त्यावर घरखर्च कसाबसा निघतो. शेजारचे म्हणतात कोरोनात मिळाली तशी तीन महिने सुट्टी मागा, बँकेला द्यावीच लागते. खरंय का? हे बँकेत जायलाच तयार नाहीत, लाज वाटते म्हणतात. आतापर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही, पुढचा ५ तारखेला आहे.

उत्तर : ताई, द्यावीच लागते असं नाही. कोरोनात रिझर्व्ह बँकेनेच सगळ्या बँकांना परवानगी दिली होती, मार्च ते ऑगस्ट २०२०, ती तेवढ्यापुरतीच होती. आता प्रत्येक बँक आपापलं बघून ठरवते, पण मागायला काहीच हरकत नाही आणि तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही ही फार मोठी जमेची बाजू आहे, म्हणून ५ तारखेच्या आधीच जा. एकदा हप्ता बाऊन्स झाला की दंड लागतो, सिबिलवर, म्हणजे तुम्ही कर्ज वेळेत फेडता का याच्या नोंदवहीत, नोंद होते, आणि ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं, मग बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. तिथपर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही.

आता सुट्टीचं नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. २० लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याला १५,००० व्याज होतं, तीन महिने काहीच भरलं नाही तर साधारण ४५,३०० रुपये मुद्दलात चढतात, आणि हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज जवळपास एक वर्ष लांबतं! म्हणजे थांबवलेले तीन तर भरायचेच, वर आणखी नऊ हप्ते. हे बँकेत आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

म्हणून माझं मत, पूर्ण सुट्टीच्या आधी सहा महिने फक्त व्याज भरू द्या असं मागून बघा. दरमहा पाच हजारच वाचतात हे मान्य, पण कर्ज एक रुपयानेही वाढत नाही. तेही झेपत नसेल, घरात खरंच काही येत नसेल, तर तीन महिन्यांची सुट्टी मागा, त्यात कमीपणा काही नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करायचा पर्यायही असतो, फक्त मिस्टरांच्या वयाचा हिशोब बँक बघते. क्रेडिट कार्डावर किंवा खासगी सावकाराकडून पैसे उचलून हप्ता भरू नका, कृपा करून.

अर्ज लेखी द्या. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा, किती महिने आणि नेमकं काय हवंय ते स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. सिबिलला याची नोंद कशी जाईल हेही लेखी विचारा, कारण रिस्ट्रक्चर्ड, म्हणजे फेडता येईना म्हणून अटी बदललेलं कर्ज, अशी नोंद झाली तर पुढचं कर्ज अवघड जातं. आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत खात्यात हप्त्याचे पैसे ठेवा, अर्ज दिला म्हणून खात्यातून होणारी कपात थांबत नाही. लोनसोबत विमा काढला असेल तर त्यात नोकरी जाण्याचं कव्हर आहे का तेही बघा, कित्येकांना आपल्या पॉलिसीत काय आहे ते माहीतच नसतं.

बँकेने तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. सुट्टी द्याच असं लोकपाल बँकेला सांगत नाहीत, पण अर्ज नुसता पडून राहिला तर दाद मागायला ती जागा आहे.

मिस्टरांना सांगा, लाज बाळगण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही. आणि कर्जात तुमचं नाव सहकर्जदार म्हणून असेल तर बोलायला तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल, अर्जावर सही मात्र दोघांची घेऊन जा.