‘दहापैकी किती?’ विचारण्याआधी

प्रिय,

तुझा संशोधन प्रस्ताव दोनदा वाचला. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांकडून सहा आठवडे व्यायाम करून घ्यायचा आणि वेदनेच्या शून्य ते दहा या मोजपट्टीवरचा आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहायचा, असा तुझा बेत आहे. मेहनत ओळीओळीत दिसते. पण मोजण्याचा भाग असाच राहिला तर मला चैन पडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी तुझ्या वयाची असताना याच आकड्यावर विसंबून चुकले. एका बाईंचा आकडा उपचाराआधी 6 होता, नंतर 7 झाला. मी त्यांच्यापुढे ‘उपयोग नाही’ अशी नोंद करून मोकळी झाले. निघताना त्या सहज म्हणाल्या, “दोन वर्षांनी परत कामावर जायला लागले.” आधी त्या दिवसभर पडून असायच्या. हालचालच नव्हती, म्हणून दुखणं सहावर थांबलं होतं. आता त्या उभ्या राहत होत्या, चालत होत्या, त्यामुळे ते थोडं वाढलं होतं आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती. त्यांना हवं ते मिळालं होतं आणि माझ्या तक्त्यात मात्र त्या अपयश म्हणून उतरल्या. मी लाजले, कारण ‘आता काय करता येतं?’ हा प्रश्न माझ्या अर्जात कुठेच नव्हता.

तू तो घाल. कंबरदुखीसाठी रोलंड-मॉरिस प्रश्नावली आहे. तिच्यात 24 साधी विधानं आहेत, जिने चढणं, कपडे घालणं, झोप यांसारखी. वेदनेवरच्या उपचारांच्या चाचण्यांत काय काय मोजावं हे ‘इम्पॅक्ट’ या तज्ज्ञगटाने 2003 मध्येच सुचवलं होतं: वेदना, हालचाल आणि कामं, मनःस्थिती, रुग्णाचं स्वतःचं एकूण मत, दुष्परिणाम, आणि अभ्यासातून किती जण गळाले. शेवटचं विसरू नकोस. जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं, यात बरंच काही दडलेलं असतं.

आकडा टाकून दे असं मी म्हणत नाही. साधारण 2 अंकांची किंवा 30 टक्क्यांची घट रुग्णाला खरोखर जाणवते, असं 2001 मधल्या एका मोठ्या विश्लेषणातून दिसलं. म्हणून नुसती सरासरी देऊ नकोस. सरासरी एका अंकाने उतरली म्हणजे सगळ्यांना थोडं बरं वाटलं, की काहींना खूप आणि बाकीच्यांना काहीच नाही? किती जणांनी 30 टक्क्यांची पायरी गाठली ते सांग.

आता मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट. तुलनेचा गट नाही! जुनं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं आणि माणसं दवाखाना गाठतात ती भरतीच्या वेळी. ‘आकडा 5 किंवा जास्त’ ही तुझी प्रवेशाची अट नेमक्या वाईट दिवसातल्या लोकांना वेचून घेईल. काहीही न करता त्यांतल्या अनेकांचा आकडा उतरेल आणि श्रेय तुझ्या व्यायामाला जाईल. शिवाय सहा आठवडे थोडे आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पेस’ चाचणीत कंबर, गुडघा किंवा खुब्याचं जुनं दुखणं असलेल्या 240 जणांचा 12 महिने मागोवा घेतला. कामं करण्याच्या बाबतीत ओपिऑइड (अफूच्या वर्गातली) औषधं इतर वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. वेदना तर इतर औषधांच्या गटातच किंचित कमी होती. वर्षभर थांबले म्हणून हे उत्तर इतकं भक्कम आहे.

एमआरआयवरून गट पाडायचा विचार सोडून दे. कंबर अजिबात दुखत नसलेल्यांच्या तपासण्या 2015 मध्ये एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज आढळली; म्हणजे झीज दिसली म्हणून दुखणं असतंच असं नाही.

त्यापेक्षा कान दे. मेल्झॅक यांनी 1975 मध्ये मॅकगिल प्रश्नावली मांडली ती वेदनेच्या विशेषणांवरच. आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, रग वेगळी. कोणी ‘आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं’ म्हणालं तर मज्जातंतूच्या दुखण्याचा विचार कर; त्यावरचा उपचारच निराळा. आणि शब्द सापडत नसतील, तपासण्या स्वच्छ असतील, तरी विश्वास ठेव. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना माणसाच्या सांगण्याचा मान राखावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. ‘सगळं नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून गप्प झालेली माणसं मी फार पाहिली आहेत. त्यानंतर ती आकडाही नीट सांगत नाहीत; समोरच्याला पटेल असा सांगतात.

पुढचा खर्डा महिन्याभराने पाठवलास तरी चालेल. तोवर ओपीडीत बसशील तेव्हा दुखण्यासाठी लोक कोणते शब्द वापरतात ते एका वहीत टिपून ठेव. नावं नकोत, फक्त शब्द. खर्ड्यासोबत ती वहीही आण, आपण मिळून वाचू.

तुझी,
मॅडम