मान खाली, पोट वर, मग पाणी चढतं कसं?

प्रश्न : पोळ्याला बैल पाणी पिताना पाहून नातवानं विचारलं, "आजी, त्याचं तोंड खाली अन् पोट वर, मग पाणी वर कसं काय चढते?" कोंबडी तर घोटाघोटाला मान वर करते. मला उत्तर देता आलं नाही.
– एक आजी, महाल, नागपूर

उत्तर : ताई, नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या. घास काही घरंगळत पोटात पडत नाही, त्याला स्नायू ढकलत नेतात. अन्ननलिका घासामागे आवळते, पुढे सैल होते, अन् ही लाट पोटापर्यंत सरकते. माणसाची ही नळी साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. नातवाला कंठावर बोट ठेवून आवंढा गिळायला सांगा. कंठ वर उचलला जातो, श्वासनलिकेचं दार मिटतं अन् तेवढा क्षण श्वास थांबतो.

बैलाच्या नळीतली लाट उलटीही धावते. तो रवंथ करत बसला की मानेची डावी बाजू बघा, गोळा सरसर वर चढताना दिसतो. कोंबडीला मात्र आपल्यासारखा मऊ टाळू नसतो. तिला पाणी ओढून घेता येत नाही, म्हणून चोचीत भरायचं अन् मान वर करून उतरवायचं. कबुतर चोच बुडवून सलग पितं.

एवढी ताकदवान नळीसुद्धा अडते. काटोलकडच्या एका बागेत गाईनं गळलेली कच्ची संत्री खाल्ली होती. गाय नीट न चावताच गिळते, चावायचं काम ती रवंथावर ठेवते. मी पोचलो तेव्हा मान ताणलेली, तोंडातून लाळेच्या तारा अन् डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. ढेकर निघायला वाटच नव्हती, अन् अशी फुगलेली गाय फार वेळ तग धरत नाही. मानेवरून हात फिरवला तर घशाखाली टणक गोळा लागला. मालकानं डोकं धरलं, जबड्यात आडवं लाकूड दिलं. मी बाहेरून दोन्ही अंगठ्यांनी गोळा हळूहळू वर सरकवला अन् मग घशात हात घालून काढला. हिरवंगार, अख्खं संत्रं. पाठोपाठ गाईनं एवढा लांब ढेकर दिला की मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

जनावराला अख्खं संत्रं, बटाटा, आंब्याची कोय टाकू नका, ताई. त्या बाई आता गळलेलं प्रत्येक फळ विळीवर चिरूनच गव्हाणीत टाकतात.