ऊसतोड मजुरांच्या तळावर फिरते संडास दिले तर बायका वापरतील का?

वापरतील. आत पाणी असेल, रात्री जायची भीती वाटणार नसेल आणि भरल्यावर कोणीतरी उपसायला येणार असेल, तर नक्की वापरतील. तुम्ही लिहिलंय की ट्रस्टकडे निधी आहे, साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, फायबरचे फिरते संडास द्यायचेत, कुठले घ्यावेत ते सांगा, 'पण या लोकांना सवय नसते असं ऐकलंय'. हे शेवटचं वाक्य ज्याच्याकडून ऐकलंत त्याला एकदा पहाटे चारला तळावर घेऊन जा. कडाक्याच्या थंडीत, उजाडायच्या आत, बायका घोळक्याने लांब का जातात ते त्यालाच विचारा.

माझे आईवडील कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं. दिवाळी झाली की बीडमधून निघायचं ते मार्च-एप्रिललाच परत. धाकट्या भावाला सांभाळायला मी बरोबर असायचे. आमचं गाडी सेंटर होतं, म्हणजे बैल, टायरगाडी आणि कारखान्याच्या मागच्या माळावर कोप्या. टोळीचा मुकादम, म्हणजे मजूर जमवून आणणारा ठेकेदार, माझा सख्खा मामा.

एका हंगामात कारखान्याने संडास आणले. निळे, फायबरचे, ओळीने. ठेवले कुठे, तर उसाच्या वजनकाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, कारण ट्रॉलीवरून तिथे उतरवायला सोपे. त्याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रात्रभर नंबरला उभे, ड्रायव्हर लोक शेकोटी करून बसलेले. संडासांची दारं बरोबर त्यांच्या तोंडावर. आतल्या कड्या आठवड्याभरात निखळल्या. वरची टाकी कोणी भरायची हे कोणीच ठरवलं नव्हतं. तळावर टँकर यायचा दुपारी, बाया उसाच्या फडात तोडणीला असताना. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आणि आम्ही पोरं जेवढं भरू तेवढंच पाणी. दोन कळशा, एक घागर, कापून केलेला तेलाचा डबा. त्यात स्वयंपाक, प्यायला, धुणं, आणि बैल तर आधी. बैल दमला तर गाडी थांबते. त्यातलं डबाभर पाणी संडासात ओत असं माझ्या आईला सांगायची कोणाची छाती होती? तरी पहिले काही दिवस लोक गेले. मग टाक्या भरल्या, उपसणारा आलाच नाही, आणि घाण दाराबाहेर आली.

मग आईने आणि शेजारच्या कोपीतल्या मावशीने कोप्यांच्या मागे चर खणला. दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर, संध्याकाळच्या उजेडात. चार बांबू रोवले, जुनी लुगडी आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून आडोसा केला. आत उकरलेल्या मातीचा ढीग आणि एक फुटकं टोपलं, जाऊन आलं की माती लोटायची. तळावरच्या सगळ्या बाया तिथे जायला लागल्या. सवय नसलेली माणसं असा चर खणत नाहीत.

पुढे कारखान्याच्या शेतकी खात्याचे साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. निळ्या संडासांकडे बोट दाखवून मामाला म्हणाले, "बघ, दिलं तरी वापरत नाहीत." मामा म्हणाला, "व्हय साहेब." आडोसा तिथून हाकेच्या अंतरावर होता. त्या एका 'व्हय साहेब'वरून माझं आणि मामाचं आजही वाजतं.

आता मी आरोग्यसेविका आहे. हंगाम संपवून परत आलेल्या बायका लघवीला आग होते म्हणून येतात. पाणी किती पिता विचारलं तर सांगतात, दुपारनंतर पीतच नाही, फडात जायचं कुठे? पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. याला एकटं पाणी कारण नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाड्याचा दंड आहे, कॅन्सरची भीती घालून पोट फाडणारे डॉक्टर आहेत. पण अंगावर काढलेलं दुखणं कुठून सुरू होतं ते मी रोज बघते.

सरकारी हिशेबात मात्र हीच बाई सगळीकडे मोजलेली आहे. गावाकडे घराला 12,000 रुपयांच्या अनुदानाचा संडास आहे. 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, त्यात तिचं गावही आलं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोजचं 55 लिटर पाणी तिच्या नावावर आहे. फक्त दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ती त्या घरात नसते.

तर तुमच्या निधीचं. निम्मा पैसा आधी पाण्यावर घाला. तळावर मोठी टाकी, चार-पाच तोट्या, आणि टँकर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, बाया तळावर असताना. प्यायच्या पाण्यात क्लोरीन पाकिटावरच्या मापाने, टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. नुसती तुरटी फिरवून पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. फायबरचे फिरते संडास घेऊच नका. गाडी सेंटरची जागा बहुतेक ठिकाणी दरवर्षी तीच असते, तिथे दोन खड्ड्यांचे शोषखड्ड्याचे संडास बांधा. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की आत खत होतं. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळू किंवा मुरूम भरून घ्या, आणि विहीर-बोअरपासून निदान 15 मीटर लांब राहा. भांडं खोल उताराचं ग्रामीण पॅन घ्या, दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. दारं कोप्यांकडे, बाहेर दिवा, आतून भक्कम कडी. जागा बायकांना विचारून ठरवा. मुकादमाला विचाराल तर तो रस्त्याकडेचीच दाखवील.

आणि हे कोणाचं काम आहे तेही बोला. कंत्राटी मजुरांना प्यायचं पाणी, संडास, धुण्याची सोय ठेकेदाराने द्यायची आणि त्याने नाही दिली तर मुख्य मालकाने द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. पण कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो ऊस कारखान्याचा. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे ठरलंय, त्यातले तळावर किती पोचतात ते तिथल्या बायकांनाच विचारून बघा.

मामाचं म्हणणं असं की उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळणंच मुश्कील, तिथे संडास कसला मागतेस. त्याची बाजू मला माहीत आहे. उचल घेऊन माणसं पळाली की कर्ज त्याच्या अंगावर येतं, एकदा त्यापायी त्याने जमीन विकली. तरीही मी म्हणते, कराराच्या कागदावर टनाचा दर आणि कमिशन लिहून घेता येतं, तर पाण्याच्या टाकीची एक ओळ लिहून घेता येते. माझी आई त्याची सख्खी बहीण होती, त्या टोळीत तीही कोयता होती.

एक राहिलं. हे सगळं गाडी सेंटरचं झालं. डोकी सेंटरवाले म्हणजे बैलगाडी नसलेले, डोक्यावरून मोळ्या वाहणारे; त्यांच्या कोप्या फडाच्या आसपास पडतात आणि जागा बदलत राहते, तिथे पक्कं बांधकाम चालणार नाही. तिथे उचलून नेता येईल असा आडोसा, खणलेला खड्डा आणि शेतकऱ्याच्या बोअरचं पाणी हाच मार्ग. काही शेतकरी पाणी देत नाहीत, तेव्हा त्याच्याशी आधीच बोलायला लागतं. आणि दिवाळीनंतर तळावर जाऊन विचारू नका, तोवर सगळं ठरलेलं असतं. करार आणि उचल पावसाळ्यातच होतात, जून-जुलैमध्ये बीडला या.