उरलेले 690 वॅट गेले कुठे?

प्रश्न : आमच्या पिठाच्या गिरणीच्या सिंगल फेज मोटरला 230 व्होल्ट मिळतात आणि क्लँप मीटरवर 10 अँपिअर दिसतात. हिशेबाने 2300 वॅट व्हायला हवेत, पण वॅटमीटर 1610 वॅटच दाखवतो. उरलेले 690 वॅट कुठे जातात? कपॅसिटर बसवल्यास बिल कमी होईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : 690 वॅट कुठेही जात नाहीत, कारण ही वजाबाकीच करता येत नाही. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे व्होल्ट-अँपिअर. त्यातले वॅट किती, हे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्यातल्या कोनावर, म्हणजे प्रवाहाची लहर व्होल्टेजच्या लहरीच्या किती मागे-पुढे आहे यावर, ठरते. आपल्या मोटरचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) 1610 भागिले 2300, म्हणजे 0.7 आहे, याचा अर्थ प्रवाह व्होल्टेजच्या सुमारे 45.6 अंश मागे आहे. मोटरच्या वाइंडिंगमध्ये चुंबकीय क्षेत्र उभे राहताना जी ऊर्जा साठते, ती क्षेत्र ओसरताना पुरवठ्याकडे परत जाते, आणि 50 हर्ट्झच्या विजेत हे सेकंदाला 100 वेळा घडते. या ये-जा करणाऱ्या शक्तीचे माप वर्गांच्या वजाबाकीने निघते : 2300 च्या वर्गातून 1610 चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले की सुमारे 1643 व्हार (अशा शक्तीचे एकक) येतात. म्हणजे आपल्या मोटरमध्ये ही शक्ती दळणाच्या कामी लागणाऱ्या वॅटपेक्षाही थोडी जास्तच आहे!

कपॅसिटर ही ये-जा करणारी ऊर्जा मोटरला जवळूनच पुरवतो. सुमारे 67 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडल्यास पॉवर फॅक्टर 0.95 होईल आणि मीटरकडून येणारा प्रवाह 7.4 अँपिअरच्या आसपास उतरेल. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने मीटरपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेतला अपव्यय जवळजवळ 46 टक्क्यांनी घटेल. मात्र कपॅसिटरपासून मोटरपर्यंतच्या तारेत पूर्वीचेच 10 अँपिअर वाहत राहतात. म्हणून तो मोटरच्या जवळ बसवावा.

बिलाचे उत्तर आकारणीवर अवलंबून आहे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीए-तासांनुसार (म्हणजे वॅटऐवजी व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने) आकारणी होते, त्यांना पॉवर फॅक्टर सुधारल्याचा थेट लाभ होतो. आपला मीटर केवळ किलोवॅट-तास मोजत असेल, तर मीटरनंतरच्या वायरिंगमधली किरकोळ बचत तेवढी पदरात पडेल. घरगुती प्लगमध्ये खोचण्याच्या ‘वीज वाचवणाऱ्या’ डब्या याच कारणाने निरुपयोगी ठरतात.

कपॅसिटर मोटरच्या स्विचनंतरच जोडावा, म्हणजे मोटर बंद असताना तो लाइनवर राहणार नाही. आणि त्याला डिस्चार्ज रेझिस्टर (साठलेला विद्युतभार उतरवणारा रोधक) असल्याची खात्री करून घ्यावी, कारण पुरवठा तोडल्यावरही त्यात झटका देण्याइतका विद्युतभार शिल्लक राहू शकतो.