वहीतले आकडे दवाखान्यात नेताना

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. घरच्या यंत्रावर त्यांचा रक्तदाब १२८/७८च्या आसपास असतो, दवाखान्यात मात्र वरचा आकडा दर वेळी १५५च्या पुढे जातो. डॉक्टर म्हणतात, घरच्या यंत्राचे काही खरे नाही, गोळी वाढवू. कोणता आकडा खरा मानावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात. एसटीतून उतरून, दवाखान्याचा जिना चढून, तासभर ताटकळल्यावर डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाचा रक्तदाब चढलेला सापडणे अगदी नेहमीचे आहे. त्याला ‘व्हाइट कोट’ रक्तदाब म्हणतात. याच्या उलटही घडते. दवाखान्यात आकडा चांगला आणि घरी किंवा कामावर वाढलेला, हा प्रकार मला अधिक चिंतेचा वाटतो, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरली, तर घरच्या सरासरीसाठी ती १३५/८५ धरतात. तुमच्या वडिलांचे घरचे आकडे या सीमेच्या आत आहेत, पण ते कसे मोजले गेले हे आधी तपासायला हवे.

मी रुग्णांना यंत्र घेऊन बोलावतो आणि माझ्यासमोर मोजायला सांगतो. तेव्हा दिसते, की शर्टाची बाही वर सरकवल्यामुळे दंडावर तिचाच आवळ पट्टा झाला आहे, पायावर पाय टाकला आहे, हात मांडीवर लोंबतो आहे आणि घरातल्यांशी बोलणे चालूच आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि श्रम टाळावेत, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून व पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसावे, कफ (यंत्राचा हवा भरणारा पट्टा) उघड्या दंडावर बांधून हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून, उरलेल्यांची सरासरी काढावी. यंत्र दंडावर बांधण्याचे असावे आणि कफ दंडाच्या घेराला साजेसा असावा.

ब्रिटनमध्ये झालेला आणि २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. ज्या रुग्णांचे औषध डॉक्टरांनी घरच्या नोंदी पाहून ठरवले, त्यांचा वरचा रक्तदाब वर्षभरानंतर इतरांपेक्षा सुमारे ३ ते ५ अंकांनी कमी होता. फरक पडला तो नोंदी डॉक्टरांनी वाचल्या म्हणून. नोंदींची वही न उघडता बाजूला सारणारे आमच्यातले डॉक्टर चूक करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही आपणहून गोळी कमी करू नका. वही आणि यंत्र दोन्ही घेऊन जा आणि डॉक्टरांच्या यंत्राशी तिथेच पडताळून पाहण्याची विनंती करा.

प्रश्न : आईची उपाशीपोटीची शुगर घरी १४२ आणि त्याच सकाळी लॅबमध्ये १६० आली. मग ग्लुकोमीटरचा उपयोग काय? (एक वाचिका, इचलकरंजी)

उत्तर : इतका फरक मान्य मर्यादेत बसतो. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, शुगर १०० किंवा त्याहून अधिक असताना लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. मात्र हात धुऊन कोरडे करूनच बोट टोचा; आंबा कापलेल्या बोटावरचा रस आकडा भलताच वाढवतो. स्ट्रिपची मुदतही पाहत जा.

ग्लुकोमीटरचा खरा उपयोग एका आजींच्या वहीत मला दिसला. नातीच्या अक्षरात आकड्यांशेजारी शेरे लिहिलेले होते, आणि दर मंगळवारी दुपारी आकडा सत्तरच्या खाली, शेजारी ‘हात थरथरले, घाम’. मंगळवारी आजींचा उपवास असे, आणि शुगर उतरवणारी सकाळची गोळी मात्र त्या न चुकता घेत. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीत हे कधीच दिसले नसते. ती तर छान सातच्या आत होती. उपवासाच्या दिवसाचा डोस आम्ही त्याच भेटीत बदलला. तेव्हा रोज उपाशीपोटीचाच आकडा लिहिण्यापेक्षा कधी जेवणाआधी, कधी जेवणानंतर दोन तासांनी मोजा, आणि त्या दिवशी वेगळे काय घडले ते शेजारी लिहा.

प्रश्न : छातीत दुखत असताना स्मार्टवॉचचा ईसीजी ‘नॉर्मल’ दाखवत असेल, तर निर्धास्त राहावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुळीच नाही. घड्याळ हृदयाचे विद्युत संकेत एकाच दिशेने पाहते. ठोक्यांतली अनियमितता त्याला ओळखता येते, हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर १०८ला फोन करा आणि बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा दिशांनी पाहणारा, ईसीजी काढून घ्या.

प्रश्न : रुग्णालय जुने कागद द्यायला टाळाटाळ करते. आभा कार्ड काढले तर सगळे रिपोर्ट आपोआप मिळतील का? (एक वाचिका, नांदेड)

उत्तर : आपोआप मिळणार नाहीत. आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक आहे. रुग्णालयाने किंवा लॅबने तुमची नोंद त्याला जोडली तरच ती तुमच्या मोबाइलवर दिसते, आणि दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहण्यासाठी तुमची संमती लागते. पाच लाखांच्या विमा संरक्षणाचे आयुष्मान कार्ड वेगळे, ही गल्लत पुष्कळांची होते.

कागदांसाठी आभाची वाट पाहण्याचे कारणच नाही. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.

प्रश्न : इंटरनेटवर वाचून काही विचारले की आमचे डॉक्टर चिडतात. विचारूच नये का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जरूर विचारा, तो तुमचा अधिकार आहे. मात्र बाहेर तीस माणसे बसलेली असताना मोबाइलवरची दहा पाने वाचून दाखवली, तर संवाद तिथेच तुटतो. घरून तीन प्रश्न लिहून न्या : ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि काय झाले तर लगेच कळवायचे. इंटरनेटवरची शंका ‘असे वाचले आहे, माझ्या बाबतीत लागू पडते का?’ अशी विचारली, तर बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात. मिळालेले उत्तर उठण्यापूर्वी आपल्या शब्दांत परत सांगा : ‘म्हणजे ही रात्री जेवल्यावर घ्यायची आणि पायाला सूज आली तर फोन करायचा, बरोबर ना?’ ऐकण्यात किंवा सांगण्यात काही राहिले असेल, तर ते तिथल्या तिथे दुरुस्त होते.