बातमीतला कर शोधताना

आयकर शिकत असशील, तर ठाण्यातल्या दहीहंडीची बातमी वाचताना लाखांच्या आकड्यावर थांबू नकोस. बक्षीस कुणाच्या नावावर पडलं ते आधी विचार: नोंदणीकृत मंडळाच्या, की चार पोरांच्या गटाच्या? ही रक्कम लॉटरीसारखी 'खेळात जिंकलेली' ठरते का? ठरली तर सरळ 30 टक्के कर, वर उपकर (करावर लागणारा जादा कर), आणि सरावाच्या खर्चाची वजावटही नाही. पोरं जीव धोक्यात घालतात, म्हणून मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. यावर वाद घालायला शिक. लग्नाचा आहेर त्यामानाने सोपा: वधूवरांना करमुक्त, त्यांच्या आईवडिलांना ती सूट नाही. आणि कलम लिहिण्याआधी उत्पन्नाचं वर्ष बघ. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू, कलमांचे क्रमांक बदललेत.